बिनगाठीचा जंतू

पडद्यावर जंतूची स्मरणसाखळी उलगडून ठेवली होती, आणि तिच्यात एकही गाठ नव्हती.

"पुन्हा वाच," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"तीनदा वाचली, मॅडम. कोरी आहे," निहाल तडवी म्हणाला.

साताऱ्याबाहेरच्या औषधस्मृती संस्थेत सकाळचे साडेदहा वाजले होते. डॉ. इंदुमती शेजवलकर या संस्थेच्या प्रमुख, मूळच्या डोळ्यांच्या डॉक्टर. वय अठ्ठावन्न, बोलणं तिखट, आणि चूक म्हणून कोणाची पोटात घालायची नाही असा लौकिक. निहाल त्यांच्या हाताखालचा जंतुतज्ज्ञ, मूळचा यावलचा. हा गडी विचारल्याशिवाय बोलायचा नाही, पण बोलला की पक्कं बोलायचा. पडद्यावरच्या जंतूनं तीन आठवड्यांत सात माणसांचे डोळे धरले होते. सातही जण वाळवणीच्या नेत्रालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेले. तिघांचा डोळा कायमचा गेला होता.

"उद्या चौकशी समितीत वकील बसतील, पुढारी बसतील," बाई म्हणाल्या. "समज मी त्यातलीच एक आहे आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. गाठ म्हणजे काय, ते मला सांग."

निहालनं खुर्ची वळवली. "जंतूला एक खोड असते. विषाणूनं त्याच्यावर हल्ला केला आणि जंतू वाचला, तर त्या विषाणूचा एक तुकडा कापून तो आपल्या वारसद्रव्यात, म्हणजे डीएनएत, जपून ठेवतो. पुढच्या वेळी शत्रू ओळखता यावा म्हणून. असे तुकडे एकापुढे एक लागतात, ती स्मरणसाखळी. तुम्ही काय केलंत, तर राखण औषधाच्या प्रत्येक बाटलीत असले निरुपद्रवी तुकडे मिसळलेत. दर बाटलीचे वेगळे. थेंब डोळ्यात पडला की बहुतेक जंतू मरतात. एखादा वाचतो, तो तुकडा गिळून बसतो. एक थेंब, एक गाठ. आणि त्याच्या सगळ्या पिल्लावळीत त्या गाठी उतरतात."

"मग त्याचा मला काय उपयोग?"

"राखणला न जुमानणारा जंतू कुठंही सापडला, की त्याचा सातबारा वाचायचा. कुठल्या बाटलीवर तो पोसला, किती थेंबांनंतर माणसानं औषध सोडून दिलं, सगळं त्यात असतं. बाटलीवरून दुकान आणि दुकानावरून माणूस सापडतो."

हे सगळं का करावं लागलं, तेही सांगून टाकतो. एक काळ असा होता, की डोळा लाल झाला की लोक दुकानात जाऊन प्रतिजैविकाचे ड्रॉप्स घेऊन यायचे. रांजणवाडी आली, घाला ड्रॉप्स. डोळे आले, घाला ड्रॉप्स. डोळ्यात कचरा गेला तरी ड्रॉप्स. आणि दोन दिवसांत बरं वाटलं की बाटली फ्रीजच्या दारात, पुढच्या वेळेसाठी, नाहीतर शेजारणीच्या पोरासाठी. आता रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेची एक चिमुकली ग्रंथी तुंबून पिकलेली. ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दिवसातून चार वेळा शेकलं, तर बहुतेक वेळा आठवड्यात आपली आपण बसते. पण धीर कोणाला आहे? होता होता एकेका औषधाला जंतू सरावले, आणि डोळ्याच्या खऱ्या गंभीर संसर्गासाठी एकच औषध उरलं, ते राखण. सरकारनं ते एका अटीवर बाजारात येऊ दिलं. ज्यानं ते वायफळ वापरलं, तो पकडला गेला पाहिजे. ती अट बाईंच्या गाठींनी पुरी केली.

आणि बाईंनी पकडलेही. तीन वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या दुकानदारानं आपल्या म्हाताऱ्या आईच्या रांजणवाडीला राखण दिलं होतं, तेही दोनच दिवस. जंतूत आठ गाठी निघाल्या. बाई भर सभेत त्याला म्हणाल्या होत्या, "रांजणवाडीला राखण? आईला फडकं शेकून द्यायला हात दुखत होते का तुमचे?" तो मान खाली घालून उभा राहिला. त्याचा परवाना गेला. बाईंना त्या रात्री छान झोप लागली होती.

"आता हा जंतू घ्या," निहाल म्हणाला. "राखणला अजिबात दाद देत नाही. ही अशी ताकद राखणशी झुंजल्याशिवाय येत नाही. म्हणजे औषध त्यानं खाल्लंय, पण गाठ एकही नाही. याला दोनच वाटा आहेत. एक, औषध मुळात बिनगाठीचं होतं. पण गाठी घालायच्या आधीच्या कोऱ्या बाटल्या जगात सहाच, आणि त्या तुमच्या कपाटात कुलपात आहेत. एक फुटली म्हणाला होतात, म्हणजे पाच. तेव्हा ती वाट बंद. बरोबर ना?"

बाईंनी पडद्याकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या.

एवढंच. एक अक्षर.

"मग दुसरी वाट उरते. गाठी उष्णतेनं मरतात, औषध मात्र टिकतं. बाटली तीन-चार तास फ्रीजबाहेर राहिली, की ती कोरीच झाली म्हणायची. आणि वाळवणीत तसं झालेलं आहे." त्यानं एक कागद पुढे सरकवला. "वॉर्डाच्या वहीत सिस्टरनं स्वतःच लिहिलंय. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी दोन ते सहा फ्रीज बंद, राखणच्या चारही बाटल्या बाद केल्या, नवीन मागवल्या. समितीचं म्हणणं, बाद केल्या हे खोटं. त्याच वापरल्या, अर्ध्यामुर्ध्या, आणि त्यातून हा जंतू तयार झाला. सातही ऑपरेशनं त्यानंतरच्या सोमवारांची आहेत. सोमवार-मंगळवार ड्यूटी त्याच सिस्टरची."

सिस्टर म्हणजे एस्तेर भालेराव. एकोणतीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात काढलेली बाई. फ्रीज बंद पडला हे तिनं लिहिलं नसतं, तर कोणाला कळलंही नसतं. जिनं खरं लिहिलं तिच्याच गळ्यात ते अडकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

"तुमची सही लागेल," निहाल म्हणाला. "तज्ज्ञाचं मत म्हणून."

"ठेव," बाई म्हणाल्या. "वाचून करते."

केबिनचं दार लावून बाई खुर्चीत बसल्या, आणि दहा महिन्यांपूर्वीचा तो गुरुवार त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

गौतमी त्यांची एकुलती एक मुलगी. रविवारी तिचा साखरपुडा होता आणि गुरुवारी सकाळी ती डाव्या डोळ्यावर हात धरून स्वयंपाकघरात आली. वरच्या पापणीला ठसठशीत रांजणवाडी. फोटो निघणार, सासरची पन्नास माणसं येणार, मुलीच्या डोळ्याला काय झालं म्हणून कुजबुजणार. गौतमी रडली नाही, नुसती आरशासमोर उभी राहिली. तिला तसं बघून बाईंचं सगळं शास्त्र पातळ झालं.

दुपारी त्यांनी कपाट उघडलं. शेजारच्याच फ्रीजमध्ये गाठींच्या बाटल्या होत्या, पाहिजे तेवढ्या. पण गाठीची बाटली नेली, तर मुलीच्या पापणीवरचा एखादा जंतू उद्या कुठं सापडला की आईचं नाव बोलणार. म्हणून बाईंनी कोरी बाटली उचलली आणि निहालला सांगितलं, हातातून पडून फुटली.

खरं सांगायचं तर, औषध चोरल्याची त्यांना तेवढी लाज नव्हती. आईचं मन, चूक झाली, असं म्हणून माणूस स्वतःला समजावतो. लाज होती ती कोरी बाटली निवडल्याची. पकडलं जाऊ नये याचा विचार त्यांनी चोरीच्या आधी केला होता, शांत डोक्यानं, तज्ज्ञाच्या अकलेनं. त्या दुकानदाराला एवढी अक्कल नव्हती, म्हणून तो सभेत उभा राहिला आणि बाई खुर्चीत बसल्या.

बरं, एवढ्यावर तरी थांबावं. संस्थेचा शिक्का असलेली बाटली घरात दिसायला नको, म्हणून बाईंनी ते औषध आपल्या कोरड्या डोळ्यांच्या ड्रॉप्सच्या एका रिकाम्या बाटलीत ओतलं. मूळ बाटली फोडून टाकली. "दिवसातून चारदा घाल, कोणाला बोलू नकोस," असं गौतमीला बजावलं. रविवारी गौतमीचा डोळा स्वच्छ होता, फोटो सुरेख आले. तीनच दिवस औषध, म्हणजे अर्धवट. अर्धवट औषधातून वाचलेला जंतू कसा होतो, हे जगात कोणाला ठाऊक असेल तर ते बाईंना.

आता गौतमी लग्न होऊन कोल्हापूरला नांदत होती. तो जंतू तिच्या पापणीवरून कोणाकडे, तिथून कोणाकडे, असा करत वाळवणीला पोचला असेल. कसा, ते बाईंना कळत नव्हतं. पण तो आपल्याच घरातून निघालाय, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्यांनी कागद तीन वेळा वाचला. सही केली नाही, तर का नाही ते सांगावं लागेल. मग सभेतली ती सगळी माणसं, तो दुकानदार, निहाल, गौतमीच्या सासरचे, सगळे वाचतील. बाईंनी मनाशी म्हटलं, सिस्टरचं फार तर निलंबन होईल, चौकशीत सुटेलही बिचारी. स्वतःला फसवायला माणसाला फार हुशारी लागत नाही. बाईंकडे तर ती नको तेवढी होती. त्यांनी सही केली.

एस्तेर सिस्टरना शुक्रवारी घरी पाठवलं. वॉर्डात नवा फ्रीज आला, नवी सिस्टर आली, राखणच्या बाटल्या नव्या आल्या. सोमवारी ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली.

मंगळवारी बाई नेहमीप्रमाणे वाळवणीला गेल्या. सोमवारी ऑपरेशन झालेल्यांची पट्टी मंगळवारी सुटायची, आणि तेव्हा स्वतः हजर राहायचं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. बाकीचे डॉक्टर डोळे यंत्रातून बघायचे. बाईंना ते पटायचं नाही. पापणी आपल्या बोटांनी उचलून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. हातमोजे घालायच्या नाहीत. हातमोज्यात पापणीची सूज कळत नाही म्हणायच्या, आणि त्यांना सांगणार कोण?

तिसऱ्या खाटेवर काळसेकर गुरुजी होते, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा उजवा डोळा काल झाला होता, डाव्यातला मोतीबिंदू अजून तसाच होता. पट्टी सुटली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"काय दिसतंय, गुरुजी?" बाईंनी विचारलं.

"निळा," गुरुजी म्हणाले. "शेवटची चार वर्षं मी पोरांना निळा म्हणून काय शिकवत होतो, देव जाणे. सगळं मेलं पिवळट दिसायचं."

नवी सिस्टर हसली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, गुरुजींची पापणी दोन बोटांनी उचलली, खालची पापणी ओढून बघितली. डोळा छान होता.

"डॉक्टरबाई, तुमचा हात हलका आहे हो," गुरुजी म्हणाले. "त्या आधीच्या सिस्टरचाही असाच होता. एस्तेरबाईंचा. गेल्या महिन्यात तपासायला आलो तेव्हा त्याच होत्या. कुठं गेल्या त्या?"

"रजेवर आहेत," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

शुक्रवारी दुपारी निहाल न विचारता केबिनमध्ये आला. तो उभाच राहिला.

"वाळवणीत आणखी दोन. तोच जंतू, साखळी कोरी. एक बाई आहेत, त्यांचा डोळा वाचेल. दुसरे काळसेकर म्हणून शिक्षक आहेत. त्यांचा नाही वाचत."

बाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"फ्रीज नवा, बाटल्या नव्या, भालेराव सिस्टर घरी बसलेल्या," निहाल म्हणाला. "म्हणजे आपलं म्हणणं चुकलं. उष्णतेची वाट नव्हतीच ती. मग पहिलीच उरते, आणि ती तर बंद आहे. माझं डोकं चालत नाही, मॅडम."

त्याचं डोकं व्यवस्थित चाललं होतं. फक्त बाईंच्या शब्दापाशी येऊन ते अडत होतं, कारण तो शब्द खोटा असेल असं त्याच्या मनातही येत नव्हतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहिली वाट बंद नाही, निहाल," त्या म्हणाल्या. "सहावी बाटली फुटली नव्हती."

त्यांनी सगळं सांगितलं. गौतमीची रांजणवाडी, साखरपुडा, कपाट, दुसऱ्या बाटलीत ओतलेलं औषध, तीन दिवस. सांगताना त्या टेबलाच्या कडेकडे बघत होत्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं," निहाल म्हणाला.

"हो."

"तेव्हाही तुम्ही हेच अक्षर म्हणाला होतात." आता तो खुर्चीत बसला. "त्या दिवशी सांगितलं असतंत, तर सोमवारची ऑपरेशनं आपण थांबवली असती. त्या मास्तरांचा डोळा..."

"माहीत आहे मला."

"मी कलेक्टरांना कळवतो. सोमवारची यादी रद्द करायला सांगतो. तुम्ही गौतमीला बोलवा, तिच्या नाकाचा आणि पापणीचा स्वॅब लागेल. तिच्यापासून सुरुवात करून साखळी शोधू. कोण कोणाला भेटलं, सगळं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोसलं असतं. तो कामाला लागला होता आणि बाई त्याच्यासाठी आता प्रमुख नव्हत्या, नुसती माहिती देणारी एक बाई होती.

बाईंनी गौतमीला फोन लावला. एका दमात सांगून टाकलं. वाळवणीचे डोळे, सिस्टर, सही, आणि आता तिचा स्वॅब.

मग गौतमी हळूच म्हणाली, "आई, मी ते औषध घातलंच नाही."

"म्हणजे?"

"एकही थेंब नाही. मी शेकलं नुसतं. फडकं ऊन पाण्यात पिळून, दिवसातून सात-आठ वेळा, खोलीचं दार लावून. तू सगळ्या जगाला तेच सांगतेस ना? लहानपणापासून ऐकतेय मी. शनिवारी ती फुटली आणि रविवारपर्यंत बसली."

"अगं पण मला..."

"तुला काय सांगणार होते? तू इतक्या प्रेमानं आणून दिलंस, आणि तेही चोरून. तुझ्यासमोर नको म्हणायचं म्हणजे तुला खाली बघायला लावायचं. मला ते जमलं नाही. मलाच कशीतरी लाज वाटत होती, आई. तुझी."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "बाटली कुठे टाकलीस?"

"टाकली नाही. इतकं महागाचं औषध टाकायचं कसं? फ्रीजच्या दारात ठेवली होती परत, तुझ्या ड्रॉप्सशेजारी. मला वाटलं, तू बघशील आणि परत नेशील."

बाईंनी ती बाटली बघितली होती. रोज बघितली होती. निळ्या झाकणाची, कोरड्या डोळ्यांच्या ड्रॉप्सची बाटली, त्यांच्या स्वतःच्या ड्रॉप्सची असते तशी. असते तशी कशी, तीच होती ती. दोन बाटल्या दिसल्या तेव्हा त्यांना वाटलं, आपणच एक जास्तीची आणली असेल. गौतमीनं औषध संपवून बाटली फेकून दिली, असं त्यांनी धरून चाललं होतं. मुलीला विचारायचं धाडस कधी झालं नाही, कारण विचारणं म्हणजे त्या गोष्टीचं नाव काढणं. मग पावसाळाभर, हिवाळाभर, पडद्यापुढे बसून डोळे चुरचुरले की त्या हाताला लागेल ती बाटली उचलायच्या. कधी सकाळी एक थेंब. कधी दोन दिवसांनी. कधी आठवडाभर नाही. किंचित झोंबायचं, तेव्हा वाटायचं, गार आहे म्हणून.

जंतूला मारायचं नसेल, नुसतं शिकवायचं असेल, तर औषध असंच द्यावं लागतं. हे वाक्य बाई गेली वीस वर्षं व्याख्यानात सांगत होत्या.

आणि मंगळवार. खाटेपाशी उभं राहून चष्मा कपाळावर सरकवायचा, आपल्या चुरचुरत्या डोळ्याचा कोपरा बोटानं टिपायचा, आणि त्याच बोटांनी कालच्या ताज्या छेदावरची पापणी उचलायची. सात जणांची. मग आणखी दोघांची. सोमवारी कोण ड्यूटीवर होतं हे सगळ्यांनी बघितलं, बाईंनीही बघितलं. मंगळवारी कोण येतं, हे कोणी बघितलं नव्हतं.

"आई?" गौतमी विचारत होती. "ऐकतेयस ना? मी उद्या येते स्वॅबला."

"तू नको येऊस," बाई म्हणाल्या. "तुझी गरज नाही."

फोन ठेवून त्या निहालच्या टेबलापाशी गेल्या. तो भेटीगाठींचा तक्ता काढत बसला होता, वर गौतमीचं नाव लिहून.

"ते नाव खोड," बाई म्हणाल्या. "माझं लिही. आणि स्वॅब आत्ता घे. तू नको, हे काम सरावाचं असलेलं माणूस बोलाव. मला कोणाच्या जवळ जाऊ देऊ नकोस."

संध्याकाळी वाळवणीहून स्वॅब घ्यायला आल्या त्या एस्तेर सिस्टर. त्या दुपारीच निहालनं अहवाल मागे घ्यायला लावून त्यांना कामावर बोलावलं होतं, आणि डोळ्याच्या कडेचा स्वॅब जिल्ह्यात त्यांच्याइतका चोख कोणी घेत नाही हेही खरं होतं. सावळी, ठेंगणी बाई, केस घट्ट बांधलेले. त्यांनी मास्क लावला, हात धुतले, हातमोजे चढवले. कोणाच्याही डोळ्यासाठी करतील तेवढंच, तसंच.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "मी सही केली तेव्हा मला माहीत होतं. निदान एवढं माहीत होतं, की तुमचा दोष नाही."

"वर बघा, मॅडम."

"तुम्ही वहीत खरं लिहिलंत, आणि मी..."

"बोललात की पापणी हलते," सिस्टर म्हणाल्या. "आधी हे होऊ द्या."

काडी पापणीच्या कडेवरून फिरली, मग नाकात. सिस्टरनी नळीवर नाव लिहिलं, झाकण लावलं, हातमोजे काढून डब्यात टाकले. मग त्या दारापाशी थांबल्या.

"एकोणतीस वर्षांत माझ्या वॉर्डात एक डोळा गेला नव्हता," त्या म्हणाल्या. "पहिला डोळा गेल्यापासून मी रोज आठवत बसले, की माझं काय चुकलं. हात कधी धुवायचा राहिला, बाटली कधी उघडी राहिली. घरच्यांनाही वाटायला लागलं, काहीतरी केलं असेल हिनं. आता तुम्ही माफी मागाल, आणि मी ती दिली तर तुम्हाला बरं वाटेल. मला एवढ्यात तुम्हाला बरं वाटायला नको आहे." आणि त्या गेल्या.

स्वॅबमध्ये तोच जंतू निघाला, नाकातही आणि पापणीवरही. साखळी कोरी. ती कोरी आहे हाच आता पुरावा होता. गाठी घातलेल्या औषधानं तो जंतू घडला असता, तर निहालला बाईंचं नाव एका दिवसात सापडलं असतं, आणि सगळे नाही तरी निदान गुरुजींचा डोळा वाचला असता. बाईंनी राजीनामा दिला. समितीपुढे उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. वर्तमानपत्रांनी जे छापायचं ते छापलं. तो खेड्यातला दुकानदार काही बोलला नाही, आणि बाईंनी वाट बघितली ती त्याच्याच बोलण्याची.

सव्वा महिना नाकात आणि पापणीला जंतुनाशक मलम चाललं, पुरं, एक वेळ न चुकवता. कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही रुग्णाजवळ जायला बाईंना मनाई होती. तरी एक काम राहिलं होतं. गुरुजींना वर्तमानपत्रातून कळलं असलं, तरी आपल्या तोंडून सांगावं, असं त्यांना वाटत होतं. वाळवणीच्या वॉर्डाला बाहेरून काचेची खिडकी आहे, नातेवाइकांनी तिथून बघावं म्हणून. बाई तिथं उभ्या राहिल्या आणि एस्तेर सिस्टरनी आत तपासणीला आलेल्या गुरुजींच्या हातात फोन दिला.

"गुरुजी, मी इंदुमती शेजवलकर बोलतेय."

"डॉक्टरबाई? बोला."

"तुमच्या डोळ्यात जो जंतू गेला, तो माझ्या बोटावरून गेला. मंगळवारी मी पापणी उचलली तेव्हा. औषध मी चोरलं होतं, मुलीच्या रांजणवाडीसाठी. लपवायला म्हणून दुसऱ्या बाटलीत ओतलं, आणि नंतर न ओळखता तेच महिनोन्महिने स्वतःच्या डोळ्यात घालत राहिले. पुढे संशय सिस्टरवर आला. त्यांचा दोष नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी त्यांच्याविरुद्ध सही केली. ती केली नसती, तर तुमचं ऑपरेशन त्या सोमवारी झालंच नसतं."

गुरुजींनी काचेकडे मान वळवली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यांना बाहेर उभ्या असलेल्या बाईंची नुसती आकृती दिसत असणार. बाईंनी मान खाली घातली नाही. तेवढं तरी त्यांनी बघावं, असं त्यांना वाटलं.

"या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणून सिस्टर मागे लागल्यात," गुरुजी म्हणाले. "मी नाही म्हणतोय. पिवळं का होईना, पण दिसतंय. हाही गेला तर?"

बाई काचेच्या आणखी जवळ गेल्या.

"पट्टी सोडायला तुम्ही असणार का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही."

"वॉर्डात येणार?"

"नाही, गुरुजी. आता कधीच नाही."

गुरुजींनी जरा विचार केला. मग फोन कानापासून दूर धरून ते सिस्टरना म्हणाले, "मग करा सोमवारी."